उतरायची ठिकाणं

नकाशा दिवाणावर पसरला
की कूलर त्याला उचलतो.
म्हणून रत्नागिरीवर अडकित्ता,
कन्याकुमारीवर बिसनच्या बीपीच्या गोळ्या,
आणि वर, जिथं आपण आहोत,
तिथं माझा कोपर.
इथून समुद्र कोणत्याही बाजूनं गेलं
तरी एक मुक्काम लांब.
झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद आहे,
जबलपूर आहे, शिवनी आहे.
समुद्राकडे किती, ते कुणी कोरलं नाही.

बाहेर शेहेचाळीस.
दिघोरीच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
वाळ्याच्या ताट्या ठिबकतात
आणि आम्ही डिसेंबरातलं ठरवतो.

बिसन, माझा धाकटा भाऊ.
बावीस वर्षं ट्रक.
कळमन्यातून संत्री भरायची,
कोल्हापुरावरून घाट उतरायचा,
मडगाव, कारवार, मंगळूर, कण्णूर.
कुठल्या वळणावर ब्रेक तापतो ते त्याला पाठ,
कुठं रात्री दोनला पंक्चर निघतं,
कुठं वरणात नारळ घालतात
आणि कुठं मागितलं तर तिखट वेगळं देतात.
वहीत त्यानं रकाने आखलेत:
गाव, किलोमीटर, डिझेल.
डिझेल खोडून मी पेट्रोल केलं.

‘आणि समुद्र?’ मी विचारलं.
‘होता न बाप्पा.
जाताना माह्या खिडकीत,
येताना क्लीनरच्या.’
‘थांबला नाहीस कधी?’
‘संत्रा थांबते काय?’

आता गाडी मी चालवणार.
मेयोत छत्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या,
दुसऱ्यांच्या सलाइनचे थेंब मोजले,
आणि निवृत्तीच्या पैशातून
जुनी वॅगनआर घेतली.
अठ्ठावन्नाव्या वर्षी क्लच शिकले,
पहाटे पाचला, रिंग रोडवर,
शेजारी बिसन, अर्ध्या नजरेचा.
उरलेली अर्धी साखरेनं नेली.
तो आवाजावरून सांगतो,
‘कुंदाताई, गिअर टाक. गाडी रडून राहिली.’

तृप्ती फोनवर फोटो दाखवते,
निळं पाणी, झोपाळा, नारळ, एका रात्रीचे सहा हजार.
बिसन स्क्रीन डोळ्याशी नेतो, मग लांब धरतो.
‘गाडी सावलीत लागते काय तिथं?’
एवढंच.

गोकर्णला भांडण झालं.
त्याला तिथं थांबायचं नाही,
मोठी गाडी वळत नाही म्हणे.
मी म्हटलं, बिसन, आपली लहान आहे.
तो गप्प बसला बराच वेळ,
नकाशावर बोट तसंच.
त्याच्या डोक्यातला ट्रक
अजून मागे बारा टन घेऊन उभा होता.

मग हळूहळू रकाने बदलले.
‘उतार’ या शब्दाखाली
तो आधी व्यापाऱ्यांची नावं लिहायचा,
गोदामाची वेळ, हमालांचे पैसे.
आता लिहिलं: वेंगुर्ला, संध्याकाळी.
उडुपी, दोन दिवस.
कासरगोडपुढे जिथं लाइटहाउस दिसते तिथं,
नाव माहीत नाही.
‘माल’च्या रकान्यात पेन टेकवून थांबला,
एक निळा ठिपका पडला,
मग लिहिलं: काही नाही.

वीज गेली. कूलर थांबला.
नकाशा आपोआप सपाट झाला,
कुणाची गरज नसल्यासारखा.
अडकित्ता उचलून मी सुपारी फोडली.

अंधारात बिसन म्हणाला,
‘ताई, एक पुसू?
पाण्यात जाताना चपला
गाडीतच ठेवाव्या लागते,
का काठावर काढतेत लोकं?’
मी एकसष्ट वर्षांची.
फुटाळ्याच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही.

वीज आल्यावर
वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं,
‘तिथं गेल्यावर विचारायचं’ या मथळ्याखाली.
एक: चपला.
दोन अजून रिकामं आहे.